टेपने लावलेलं लग्न

होय, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. काय ते हसून घ्या, मित्रांनो, आणि मग गप्प बसून ऐका. शेवटपर्यंत ऐका. अर्ध्या मिनिटाच्या पुढे तुम्हाला काही ऐकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अंगावर बोटाने वर सरकवायची काच नाही. माझ्यावर सहा बटणं आहेत. त्यातलं एक तुटलं आहे, आणि ते कोणी तोडलं हेही मी सांगणार आहे, कारण भलेपणाचा मक्ता मी घेतलेला नाही.

मला तुकाने ठाण्याच्या बाजारातून आणलं. तुका खोडाळ्याच्या वरच्या पाड्यातला. भात-नागलीची कापणी झाली की ठाण्याला बांधकामावर जायचा. दोन हंगाम विटा उचलल्यावर त्याने मला घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मोखाड्यापर्यंत एसटीत, पुढे जीपमध्ये, मांडीवरून खाली ठेवलं नाही. ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. नवरी पुतळी, पलीकडच्या पाड्याची.

आमच्याकडे लग्न धवलेरी लावते. भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत. धवलेरी गाते आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेली बाई तीच ओळ उचलते, असं बराच वेळ चालतं. देवांना बोलावणं होतं, मग नवरा-नवरीची नावं घेतली जातात. त्या काळात आमच्या पाड्याची धवलेरी होती हिराबाई, आणि तिच्या मागे बसायची रुपी.

तुकाने मला मांडवात हिराबाईसमोर ठेवलं तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ह्या डब्याला कान हाय का रं?"

"हाय, आजी. तोंड पण हाय."

ती गायली आणि मी ऐकलं. कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा तुकाने घाईने उलटवली. सगळं झाल्यावर तो गाणं पुन्हा लावायला गेला, तर हिराबाई अंगावर आली. "देवाला बोलवला, देव आला, लगीन लावून गेला. आता उगाच फुकट हाक मारायची नाय. लगीन असंल तव्हाच लावायचा." तुका शहाणा होता. त्याने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्या, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये, आणि फडक्यात बांधून ती पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली. तिथे ती पंचवीस वर्षं पडून होती. ती कोणीही ऐकली नाही. भरताना मी ऐकली तेवढीच.

पुढची दहा वर्षं माझी होती. अख्खा पाडा माझ्याभोवती बसायचा. तुका ठाण्याहून येताना कॅसेटी आणायचा. चकचकीत वेष्टनावर केस उडवणारे गायक, काळे चष्मे, अर्धवट समजणाऱ्या हिंदीत प्रेमाची गाणी. कोळीगीतं होती, जुन्या गाण्यांना ढोल लावून केलेली नवी गाणी होती. फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची, सेल उतरले की उन्हात वाळत घालायचे. पुतळी मला पदराने पुसायची. मी तेव्हा फार गर्वाने वाजायचो. माझ्यामुळे संध्याकाळी अंगणात कोणी गाईनासं झालं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असतं तरी मी आवाज कमी केला नसता.

मग मोबाईल आला. मोखाड्याच्या बाजारात एका टपरीवर पाटी लागली, 'कार्डात गाणी भरून मिळतील'. नखाएवढं ते कार्ड, आणि त्यात म्हणे हजार गाणी! हजार गाण्यांचं काय लोणचं घालायचं होतं? आधी अख्खा पाडा मिळून एक गाणं ऐकायचा. आता एका घरात पाच माणसं, पाच कानांत पाच गाणी, आणि हाक मारली तर एकही ओ देत नाही. मला माळ्यावर टाकलं, नागलीच्या बियाण्याशेजारी. उंदरांनी माझ्या स्पीकरच्या जाळीत कापूस भरला. तीन वर्षांपूर्वी तुका काविळीने गेला तेव्हा खाली रडारड चालली होती, आणि मी माळ्यावरून ती ऐकत होतो. मला कोणी खाली घेतलं नाही. घ्यायचं कारणही नव्हतं. मला राग आला तो आलाच.

आता हेमराजकडे वळतो. तुकाच्या भावाचा मुलगा. याचा डीजे आहे. पिकअपवर चार काळे बॉक्स रचलेले, प्रत्येक बॉक्स गोठ्याच्या दारापेक्षा मोठा. ते वाजले की भिंतीवरची भांडी पडतात आणि म्हातारी माणसं छाती धरून घरात जातात. जव्हारच्या शिरपामाळावर फिरायला आलेल्यांसमोर नाचून हा रील काढतो आणि खाली लिहितो, 'आपली संस्कृती'. याला एकही गाणं पुरतं येत नाही. हा गाण्याचा तेवढाच तुकडा ठेवतो जेवढ्यावर कंबर हलते, बाकीचं फेकतो. कोंबडीची मान ठेवून कोंबडी फेकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा वैशाखात तुका-पुतळीच्या मुलीचं, करिष्माचं, लग्न ठरलं. मुलगा मोखाड्याजवळचा, दिपेश. पण हिराबाई गेल्या भादव्यात वारली होती, आणि तिच्यानंतर पाड्यात धवलेरीच नव्हती. खोडाळ्याकडच्या एका बाईला विचारलं, तर तिने त्या दिवशी दोन लग्नांना शब्द दिला होता. पुतळी आठ दिवस नीट जेवली नाही. धवलेरी गायली नाही तर पोरीचं लग्न लागलंच नाही, असं तिचं साधं म्हणणं होतं. नवऱ्याकडचे म्हणत होते, हार घाला, फोटो काढा, झालं.

तेव्हा हेमराजला माझी आठवण झाली. माणसाला गरज लागली की अडगळही नात्यातली होते.

"काकी, चिंता कशाला करतेस? हिराबाईचा गाणा टेपात हाय ना? माझ्या बॉक्सवर लावतो. सगळ्या पाड्याला ऐकू जाईल."

पुतळीचा चेहरा एकदम उजळला. तिने पेटीतून फडकं काढलं, गाठ सोडली. हेमराजने मला जव्हारला नेऊन आतला सैल पट्टा बदलून आणला. कॅसेट घालून त्याने जेमतेम अर्धं मिनिट ऐकलं. हिराबाईचा आवाज खणखणीत होता. "मस्त," तो म्हणाला आणि बंद केलं. पुढचं ऐकावं असं त्याला वाटलं नाही, कारण त्याला कधीच वाटत नाही. पुतळीने ऐकलं नाही, कारण लगीन नसताना लावायचा नाही हा हिराबाईचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. आणि पंचवीस वर्षांपूर्वी नवरी होऊन बसली असताना काय ऐकलं होतं, ते त्या आनंदात तिला आठवलंच नाही.

आणि मला माहीत होतं. मित्रांनो, कॅसेटमध्ये पुढे काय आहे ते फक्त माझ्या ध्यानात होतं. डीजेचं गाणं कोणाच्याही लग्नात चालतं, कारण ते कोणाचंच नसतं. धवलेरीचं गाणं एकाच लग्नाचं असतं. हेमराजच्या वायरींच्या गुंत्यात मी आतल्या आत ओरडत होतो, पण मला फक्त कोणीतरी माझ्यात भरलेलंच बोलता येतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडव भरला. हेमराजने माझी पिन आपल्या मशीनला लावली आणि बटण दाबलं. चार बॉक्समधून हिराबाई गायला लागली. म्हाताऱ्या माणसांनी तोंडावर हात घेतले. रुपी आता पार वाकली आहे, पण ती माझ्या मागे सरसावून बसली आणि सवयीने प्रत्येक ओळ उचलू लागली. देवांना बोलावणं झालं. पुतळी मांडवाच्या कडेला उभी होती आणि खूप दिवसांनी हसत होती.

मग हिराबाईने नावं घेतली.

"नवरा गं तुका, तुका मांडवी आला. नवरी गं पुतळी, पुतळी मांडवी आली."

रुपीची ओळ अर्ध्यातच थांबली. करिष्माने मान वर केली. दिपेशचा मामा मोठ्याने म्हणाला, "हा कोनाचा लगीन चाललाय?" पोरं फिदीफिदी हसायला लागली, पाच-सहा मोबाईल वर झाले. आणि नेमकं तेव्हाच, नाव ऐकून लाजलेला बाविशीचा तुका त्या कॅसेटमध्ये हसला. चार बॉक्समधून हसला. तीन वर्षांपूर्वी मेलेला माणूस आपल्या मुलीच्या लग्नात नवरा म्हणून हसला, आणि त्याची बायको पांढऱ्या कपाळाने ते ऐकत उभी राहिली.

मला लाज वाटली. इतकी लाज मला माळ्यावरही वाटली नव्हती.

हेमराज माझ्यावर तुटून पडला. पण बंद कसं करतात हेच त्या शहाण्याला आठवेना. आधी त्याने माझ्या झाकणावर बोटं आपटली, जणू मी मोबाईल आहे. मग हाताला आलेलं बटण असं हिसकलं की ते तुटून त्याच्या मुठीत आलं. हिराबाई तुका-पुतळीचं लग्न लावतच राहिली. शेवटी पुतळी चालत आली, त्याला बाजूला केलं आणि बंद करायचं बटण अंगठ्याने दाबलं. तिला ते अजून आठवत होतं.

"काकी, नावाच्या पुढनं लावू का?" हेमराज म्हणाला.

"नको रं. त्याचा लगीन झाला. माज्या पोरीचा राहिलाय." ती रुपीकडे वळली. "आजी, तू म्हण."

रुपीने मान हलवली. "मना पुढं बसून म्हणाया नाय येत गं, पुतळे. मी जन्मभर मागनं म्हटला."

"मग पुढं मी बसते. तू माज्या कानात सांग."

कपाळाला कुंकू नसलेली बाई पुढे कशी बसते, असं नवऱ्याकडची एक बाई पुटपुटली. पुतळी बसली. रुपी तिच्या कानात ओळ सांगे, पुतळी ती मोठ्याने म्हणे, आणि रुपी पुन्हा मागून उचले. पुतळीचा आवाज चांगला नव्हता. दोन ठिकाणी गाणं तुटलं, एका देवाचं नाव राहिलं ते नंतर घेतलं. 'करिष्मा' हे नाव त्या चालीत बसेना, ते ओढूनताणून बसवलं. पण बसलं. नवरी करिष्मा, नवरा दिपेश. लग्न लागायला दुपार झाली, जेवणं गार झाली, दिपेशचा मामा रुसला. लागलं मात्र ते खरं.

हेमराजने दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काय टाकलं असेल? तुकाचं ते हसू, खाली ढोल, वर हसण्याच्या खुणा. वीस हजार लोकांनी पाहिलं म्हणे. पुतळीच्या गाण्याचं कोणाकडे काही नाही. त्यावर कंबर हलत नव्हती ना.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी तुमच्यापुढे पदर पसरायचा असतो, आम्हाला जपा, पुसून ठेवा म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला पुसू नका. माझं तुटलेलं बटण लावून आणू नका. रुपीला आता दोन पायऱ्या चढवत नाहीत. एकटी पुतळी तिच्याकडे बसायला जाते, आणि परवा रुपीला तीन ओळी आठवल्या नाहीत. तुमच्यातल्या कोणाला लाज असेल तर त्याने तिथे जाऊन बसावं. आणि जाताना मोबाईल घेऊन जाऊ नये. भरून घेतलं म्हणजे आलं, असं समजणाऱ्यांत मीच पहिला होतो. मला ते गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे, एक अक्षर चुकायचं नाही. उद्या तुमच्या लग्नात मला लावाल, तर मी पुन्हा तुका आणि पुतळीचंच लग्न लावीन.