रोजचा चटका

"हे बोट भाजलं तेव्हा कळलं नव्हतं का तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी काळजीने विचारलं.

"कळलं की! कळावं म्हणूनच तर चटका घेते रोज."

लॉन्ड्रीत इस्त्री करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आधी आईचे हातपाय बधिर झाले, मग दादाचे. तेव्हापासून ती रोज तापल्या इस्त्रीला बोट लावून बघायची. झोंबलं की हायसं वाटून कामाला लागायची. हा खुळेपणा तिने घरात कुणाला सांगितला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यासाठी तर रक्त तपासलं आपण!"

मग त्या समजावू लागल्या. "शरीरातलं प्रथिन म्हणजे आधी लांबच लांब साखळी असते. ती नीट दुमडली तरच कामाची. कशी दुमडायची, ते जनुकातल्या मजकुरावर ठरतं. आईच्या आणि दादांच्या मजकुरात एक अक्षर वेगळं आहे. त्यामुळे त्यांचं एक प्रथिन धड दुमडलेलं राहत नाही. तसली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि नसांवर साचतात."

"एका अक्षरापायी एवढं?"

"एकाच. पण ते प्रत्येक मुलाकडे जातंच असं नाही. तुमच्याकडे आलेलं नाही."

तिला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आणि माझी मुलगी?"

"तुमच्याकडेच नाही, तर तिला कुठून देणार?"

तिला हसू फुटलं. इतकं मोकळं ती कित्येक वर्षांत हसली नव्हती. दाराशी येताच मात्र पाय अडखळले, कारण बाहेर बाकावर दादा बसला होता. त्याच्यासमोर हा आनंद न्यायचा तरी कसा?

"अगं बोल की! जीव टांगणीला लागलाय इथे."

"मला नाहीये, दादा. पोरीलाही नाही."

"सुटलो बाई!" तो इतक्या जोरात ओरडला की नर्सने वळून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला लाज वाटतेय रे," ती म्हणाली.

"लाज कसली, वेडाबाई? दोघांच्या वाटचं दुखणं मीच घेऊन बसलोय. चल, नाडी बांध माझ्या बुटाची. घरी जाऊन पोरीला सांगू."

ती खाली बसली. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं, तरी तिने गाठ नीट मारली.

"घट्ट नाही ना झाली?"

दादाने वाकून बुटाकडे बघितलं.

"छान झालीय," तो म्हणाला.