अंगात नसलेलं पेलाभर रक्त

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, आयुष्यभर मी माणसं तोलली, पण माणसांचा हिशेब काही मला उमगला नाही.

कारखान्यात लोखंडी वजनं ठेवून माझी पारख झाली. मग पांढरा रंग देऊन मला एका रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं केलं. काम सोपं होतं. अंगावर जे येईल त्याचं वजन तोंडावर सांगायचं.

पण लोक माझ्या तबकडीकडे बघून भलतंच बोलत. "सत्तर किलो, म्हणजे साधारण पाच लिटर रक्त," असं भुलीच्या डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांना सांगत. मी पार चक्रावून जाई. रक्ताचा थेंबही मी कधी पाहिला नव्हता, मग हे लिटर माझ्या तोंडी कुठून आले? पुढे त्याच सांगत, "लहान मुलांत किलोमागे थोडं जास्त धरा. जाड माणसात कमी धरा, चरबीत रक्त फारसं नसतं." म्हणजे किलो माझे, लिटर त्यांचे आणि शेवटी सगळा अंदाजच! तरी त्या अंदाजावर मोठी गोष्ट ठरे. ऑपरेशनमध्ये किती रक्त गेलं की बाहेरचं चढवायचं, ते त्यावरून ठरवत.

माणसांची आणखी एक गंमत मला कळत नसे. स्वतःचं वजन करायची वेळ आली की ती चपला काढत, घड्याळ काढत, खिशातल्या किल्ल्यासुद्धा बाजूला ठेवत. जणू मी त्यांची चहाडीच करणार होतो.

एका सकाळी एक आई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या पोटात गाठ होती. माझ्यावर एकटं उभं राहायचं म्हटल्यावर पोरीनं भोकाड पसरलं. अशा वेळी आधी मुलासकट आईचं वजन करतात, मग एकट्या आईचं, आणि वजाबाकी करतात. तसंच केलं. मुलीचं वजन पंधरा किलो निघालं. सिस्टरनं फळ्यावर लिहिलं, 'रक्त अंदाजे बाराशे मिलिलिटर.'

भूल देण्याआधी मूल एकदा कडेवर घ्यायचं, ही भुलीच्या डॉक्टरबाईंची सवय होती. त्यांनी मुलीला उचललं आणि थबकल्या.

"ही पंधरा किलोची? मला नाही वाटत. सिस्टर, पुन्हा वजन करा."

आईचा चेहरा पडला. "डॉक्टर, माझंच चुकलं. पहिल्यांदा पिशवी खांद्यावर होती. एकटी उभी राहताना मी ती काढून ठेवली."

"का हो?"

"वजन... जास्त दिसेल म्हणून."

कुणी हसलं नाही. या वेळी पिशवी दोन्ही वेळा खाली राहिली. मुलगी बारा किलोची निघाली. फळ्यावरचे बाराशे पुसून साडेनऊशे झाले. अंगात नसलेलं पेलाभर रक्त आम्ही त्या चिमुरडीच्या नावावर धरलं होतं!

मी बुचकळ्यात पडलो. मी दोन्ही वेळा खरं बोललो होतो. मग दोन खऱ्यांच्या मधून हे खोटं कुठून आलं?

दार बंद झालं. आई माझ्या दांड्याला घट्ट धरून उभी राहिली. मलाही भीती वाटली. दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. "रक्त बरंच गेलं, पण वेळेवर चढवलं. जुन्या आकड्यावर विसंबून थांबलो असतो तर उशीर झाला असता." आई मटकन खाली बसली आणि रडली.

आता इथे आकडे उजळणारा नवा काटा आला आहे. मी जिन्याखाली आहे. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या टेकवतात आणि माझा काटा दिवसभर कुणाकुणाचं सामान दाखवत राहतो. रुसून तरी काय उपयोग?

परवा तीच मुलगी तपासणीला आली. आता ती चांगली उंच झाली आहे. आईनं मला ओळखलं. माझ्यावरच्या साऱ्या पिशव्या तिनं उतरवल्या, काटा शून्यावर येईपर्यंत थांबली, मग मुलीला म्हणाली, "आता चढ."

मित्रांनो, रक्ताचं गणित मला अजूनही कळलेलं नाही. तुम्ही एवढंच करा. मला काही विचारण्याआधी माझ्यावरचं ओझं उतरवा, आणि तुमच्या खांद्यावरचंही. ती मुलगी माझ्यावर एकटी उभी राहिली, आणि या वेळी रडली नाही.