सीटची उंची

बँकेच्या दारात बाईंना गाडीतून उतरता येईना, त्या दिवशी नव्या गाडीचा विषय निघाला.

बाई म्हणजे दातांच्या डॉक्टरांची बायको. हयातभर शाळेत गणित शिकवल्यामुळे गल्लीतले, दुकानातले, डॉक्टरांचे पेशंटसुद्धा त्यांना बाईच म्हणत. त्यांची गाडी बुटकी होती. बाईंनी पाय बाहेर टाकले, दाराची चौकट धरली आणि तिथेच अडकल्या. डॉक्टरांनी काखेत हात घालून उचलायला पाहिलं, तर दोघंही अलगद फुटपाथवर बसले. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी हात देऊन उभं केलं. घरी येताना बाई म्हणाल्या, "लोकांना वाटलं असेल, भर दुपारी पिऊन आलेत दोघं."

डॉक्टर हसले.

आजाराचं नाव लांबलचक होतं आणि औषध नव्हतं. एकेक स्नायू साथ सोडत जाणार, एवढंच मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं. व्यायाम कुठला, घरात सोयी काय करायच्या, हे सगळं बोलणं झालं होतं. किती दिवस, हा प्रश्न एकमेकांसमोर तरी कुणी विचारला नव्हता.

मग गाड्या बघणं सुरू झालं. बाईंना हवी होती कमरेच्या उंचीची सीट. म्हणजे मागे टेकायचं, बूड सरकवायचं आणि पाय आत ओढून घ्यायचे. साध्या उंच गाड्या फारच उंच निघाल्या, पायरीवर पाय टाकल्याशिवाय चढता येईना. शेवटी एका महागड्या एसयूव्हीची माहिती बाईंच्या धाकट्या भावाने आणली. ती गाडी बटण दाबलं की खाली बसते, माणूस आत आला की पुन्हा उठते.

"उंटासारखी," बाई म्हणाल्या.

शोरूममध्ये फरशी इतकी चकचकीत होती की बाई डॉक्टरांचा दंड सोडायला तयार नव्हत्या. कोट घातलेला विक्रेता दोघांच्या मागेपुढे करत होता. गाडी खरोखरच खाली बसली. बाई टेकल्या, सरकल्या, आत बसल्या. कुणाला हात लावावा लागला नाही.

"मॅडम, ही एकदा घेतलीत की दहा-पंधरा वर्षं बघायला नको," विक्रेता म्हणाला.

"पंधरा?" बाईंनी विचारलं.

"आरामात."

"आणि मिळणार कधी?"

"वेटिंग आहे थोडं. सात-आठ महिने धरा."

घरी आल्यावर डॉक्टर कधी नव्हे ते उत्साहात होते. एवढी वर्षं टिकणार म्हटल्यावर नवीच घ्यायची, मधे कटकट नको, वॉरंटी लांबवून घेऊ, रंग तू निवड. त्यांना स्वतःलाही कळत होतं की आपण जरा जास्तच बोलतोय. पण पंधरा वर्षं हा शब्द विक्रेत्याने इतक्या सहज उच्चारला होता की तो परत परत ऐकावासा वाटत होता.

मेव्हण्याचं म्हणणं उलटं. "भाऊजी, अशी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की तिथेच भाव पडतो. तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. पहिला मालक सोसतो, दुसरा मजा करतो." त्याच्या ओळखीतला एक आर्किटेक्ट देश सोडून चालला होता. त्याची तशीच गाडी विकायची होती, महिनाअखेरीच्या आत.

डॉक्टर बाईंना घेऊन ती बघायला गेले ते तोंड वाकडं करूनच. मागच्या सीटला कुत्र्याचा वास होता. दाराखाली एक ओरखडा होता. डॉक्टरांनी वाकून चाकांच्या आत पाहिलं, बोनेट उघडायला लावलं. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. आर्किटेक्टने सर्व्हिसचे सगळे कागद पुढे केले, तरी त्यांचा संशय फिटेना.

"किडलेला दातही बाहेरून पांढराच दिसतो," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी गाडी खाली बसवायला सांगितली, टेकल्या, सरकल्या, पाय आत घेतले. मग पट्टा लावून काचेतून समोर पाहत राहिल्या. "हीच घेऊ," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघांचं वाजलं. डॉक्टर भाजी चिरत होते, बाई खुर्चीत बसून सांगत होत्या, जाड चिरताय, बारीक चिरा.

"आयुष्यात कधी उतरलेला सदरा घातला नाही मी," डॉक्टर म्हणाले. "आणि आता दुसऱ्याच्या कुत्र्याची गाडी घ्यायची? लांबचा विचार नको करायला?"

"करा की लांबचा विचार. मी जवळचा करते. आठ महिन्यांनी मी त्या सीटवर सरकू शकेन का, एवढं सांगा."

डॉक्टरांचा हात थांबला.

"का नाही सरकणार? व्यायाम चालू आहे, तज्ज्ञ म्हणालेत की..."

"पेशंटला सांगता ना, काही दुखणार नाही म्हणून. तसं मला सांगू नका."

जेवण झालं, भांडी झाली. डॉक्टर गॅलरीत जाऊन उभे राहिले. आठ महिन्यांनी चमच्याने भरवावं लागेल की नाही, हेही त्यांना सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकला जायच्या आधी त्यांनी मेव्हण्याला फोन केला आणि आर्किटेक्टची गाडी पक्की करायला सांगितली. मात्र आवाज असा होता, की मेव्हण्याने विचारलं, "भाऊजी, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या उन्हाळ्यात बाईंनी गाडी अशी वापरली की डॉक्टरांना क्लिनिक दुपारीच बंद करावं लागे. भाजीबाजार, जुन्या मैत्रिणी, शाळा, नदीवरचा पूल. कधी नुसतंच मोठ्या रस्त्याने दूरवर जाऊन परत. उंचावरून लोकांच्या कुंपणांपलीकडचं दिसतं, याचं त्यांना फार अप्रूप. कुणाकडे कपडे वाळत घातलेत, कुणी अंगणात खुर्ची टाकून झोपलंय, सगळं सांगत राहायच्या. कुत्र्याचा वास काही गेला नाही. बाई त्या कुत्र्याला नावं ठेवत आणि खिडकी उघडी ठेवत.

पावसाळा संपता संपता ते मुलीकडे निघाले. मुलीचं गाव चार तासांवर. तिने नवं घर घेतलं होतं आणि आईने ते बघावं म्हणून तिचा धोशा चालला होता. अर्ध्या वाटेवर गाडीने घंटी वाजवली. डॉक्टरांनी कडेला घेतली, तेवढ्यात पुढचा डावा कोपरा फुस्स करून खाली बसला आणि उठेना. बटण दाबून झालं, इंजिन बंद-चालू करून झालं. मदतीसाठी फोन केला, तर क्रेन यायला बराच वेळ लागणार होता.

बाई एका अंगावर कलंडल्या होत्या. डॉक्टरांनी आपलं जाकीट घडी करून त्यांच्या कुशीला लावलं. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती.

"नवी घेतली असती तर ही वेळ आली नसती," डॉक्टर म्हणाले.

"नवी अजून कारखान्यातच असती."

"विनोद करू नकोस."

"मी हिशेब करतेय."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. मग बाई समोर बघत म्हणाल्या, "तुम्ही त्या तज्ज्ञांना एकटे जाऊन भेटलात ना? मागच्या वर्षी, मला दाराबाहेर बसवून. पार्किंगची पावती राहिली म्हणून परत गेलात."

डॉक्टरांना खोटं बोलायला सुचेना. "तुला कसं कळलं?"

"आठवड्याभराने मीही गेले होते. भावाला घेऊन. तुमचे मिस्टर हेच विचारून गेले, म्हणाले ते."

"काय सांगितलं तुला?"

"तुम्हाला सांगितलं तेच. दोन ते तीन वर्षं."

एक मोठा ट्रक गेला. गाडी हलून स्थिर झाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रंग निवडायला सांगत होतात. कशी बोलणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले. बाईंनी हात पुढे करायचा प्रयत्न केला, पण कलंडलेल्या अंगाने तो पोचेना. मग डॉक्टरांनीच तो हात धरला. क्रेन आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते. मुलीचं घर त्या खेपेला राहून गेलं.

गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली. सुटा भाग बाहेरून मागवायचा होता. आज येतो, उद्या येतो करत आठवडे गेले. डॉक्टर क्लिनिकमधून रोज फोन करत, कधी चढ्या आवाजात, कधी गयावया करत. इकडे बाईंचे पाय गेले, मग डावा हात. मुलगीच येऊन राहून गेली आणि नव्या घराचे फोटो दाखवून गेली. अखेर गाडी घरी आली, तेव्हा मेकॅनिक खुशीत होता. "डॉक्टर, आता दहा वर्षं मागे वळून बघायला नको," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणि दिवसभर सोबत असणाऱ्या मावशींनी बाईंना चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. गाडी खाली बसली. बाई टेकल्या, पण सरकणं जमेना. दोघांनी उचलून बसवलं, तर मान एका बाजूला गेली आणि श्वास लागला. डॉक्टरांनी मानेमागे उशी धरली, मावशींनी पाय धरले, तरी काही केल्या बसतं होईना.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "वर चला."

नवी मागवली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टर मनाशी पुष्कळदा घोळवत. जुनी घेतली म्हणून एक उन्हाळा मिळाला, हे खरं. ती नेमकी बंद पडली म्हणून फिरण्याचे शेवटचे दिवस हुकले, हेही खरं. दोन्ही खरं असताना कुणाला बोल लावायचा, ते त्यांना कळत नसे.

गाडी बिल्डिंगच्या खाली उभीच राहिली. मेव्हणा म्हणाला, "उभी गाडी खराब होते, भाऊजी. विकून टाका." डॉक्टर "बघू" म्हणाले. मधूनमधून ते खाली जात, इंजिन चालू करत आणि थोडा वेळ बसून राहत. एकदा ते बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा मावशी घरी जायला खोळंबल्या होत्या.

"कुठे होतात?" बाईंनी विचारलं. त्यांचं बोलणं जड झालं होतं, आता ते फक्त डॉक्टरांनाच समजे.

"खाली. गाडी चालू करून आलो."

"उभ्या उभ्या?"

"हो."

"त्याने काही होत नाही. बाहेर काढत जा. आणि काय दिसलं ते येऊन सांगा."

तेव्हापासून मावशी असेपर्यंत डॉक्टर एक फेरी मारून येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांना काहीच सांगता आलं नाही. रस्ता होता, सिग्नल होते, एवढंच. बाईंनी भुवया वर केल्या. शाळेत गृहपाठ न आणणाऱ्याला मिळायची ती नजर. मग ते लक्ष देऊ लागले. पुलावर रंगकाम चाललंय. कोपऱ्यावरच्या पिवळ्या घराच्या कुंपणाआत कुणीतरी दोन सायकली उलट्या करून ठेवल्यात. बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा नवा माणूस बसायला लागलाय. बाई डोळे मिटून ऐकत आणि काही राहिलं तर विचारत, "शाळेच्या गेटाशी?"

एका संध्याकाळी ते असंच सांगत होते. पूल झाला, बाजार झाला, शाळेचं गेट आलं, आणि बाईंचा श्वास संथ झाला. त्यांना झोप लागली होती. डॉक्टरांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग आवाज खाली आणून त्यांनी शाळेच्या गेटापासून घरापर्यंतचं राहिलेलं सांगून पुरं केलं, आणि दिवा लावायला उठले.