बारा आठवड्यांचं पाणी

१९७२ सालच्या डिसेंबरात मी नववीला रेषीय समीकरणं शिकवत होतो. पुस्तकातल्या उदाहरणात दोन नळांनी एक हौद भरायचा होता. वर्गात कुणाच्याच घरी नळ नव्हता, आणि त्या दुष्काळात हौद भरायच्या गोष्टी सांगायला मलाच कसंसं वाटलं. मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "आपण गावच्या विहिरीचं उदाहरण करू. दर सोमवारी पाणी मोजून कोण आणेल?"

केशर उभी राहिली. तिचे वडील सहादेव बैल घेऊन लांबच्या गुरांच्या छावणीत राहिले होते. आई झुंबरबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पाणी भरणं केशरकडेच होतं. तिने दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि अठरा तारखेला आकडा आणला, बारा फूट. पुढच्या सोमवारी अकरा. मग दहा.

फळ्यावर मी लिहिलं, य = १२ − क्ष. क्ष म्हणजे गेलेले आठवडे, य म्हणजे उरलेलं पाणी. केशरने आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, पट्टी लावली आणि रेघ खालपर्यंत ओढली.

"सर, ही रेघ टेकती तितं बारा मार्च येतोय. त्या दिशी पानी न्हाई?"

"उपसा असाच राहिला तर नाही."

मुलं बोटांवर आठवडे मोजू लागली. मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. इतकं चोख उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं.

फेब्रुवारीत चार फूट उरलं, तेव्हा मी तो कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. दोन तास बाकावर बसल्यावर साहेबांनी आत बोलावलं.

"मास्तर, विहिरीत आज पाणी आहे ना?"

"आहे. पण बारा मार्चला संपेल. टँकरची सोय आधीच झाली तर..."

"कोरडी पडल्यावर अर्ज करा. पाणी असताना टँकर देता येत नाही. इथं आधीच कोरड्या पडलेल्या गावांची रांग आहे." त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "मुलीचं काम नेटकं आहे," म्हणाले, आणि परत दिला.

ते खोटं बोलत नव्हते. टँकर खरंच कमी होते. मी आणखी भांडलो नाही. केडगावला घरी जायची एस.टी. चुकेल, हेही माझ्या मनात होतं.

अकरा मार्चला, रविवारी, विहिरीचा तळ उघडा पडला. सोमवारी केशर शाळेत आली आणि म्हणाली, "एक दिस चुकला, सर." त्याच दिवशी अर्ज गेला.

मग बायका विहिरीत उतरू लागल्या. तळाशी कपारीतून थोडं पाणी झिरपायचं, ते वाटीने घागरीत भरायचं. आतल्या भिंतीत पाय द्यायला दगड बसवले होते. सतरा तारखेला सकाळी झुंबरबाई उतरत होती, केशर वर घागरीचा दोर धरून उभी होती. एक दगड निसटला. विहिरीत पाणी असतं तर बाई भिजून वर आली असती. खाली नुसता खडक होता.

गाडी जुंपायला गावात बैल नव्हते. चौघांनी तिला बाजेवर घालून सडकेकडे नेलं. सडक दिसायच्या आतच ती गेली.

टँकर आला बावीस तारखेला. केशर रांगेत होती, दोन धाकट्या बहिणी तिच्या मागे रिकाम्या घागरी घेऊन. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, की मीच नजर चुकवली, आता आठवत नाही.

ती पुन्हा शाळेत आली नाही. एप्रिलमध्ये मी दुष्काळी कामावर तिला भेटायला गेलो, तर आईच्या जागी ती खडी फोडत बसलेली. मी शेजारी उकिडवा बसलो.

"केशर, परीक्षेला तरी ये. फी मी बघतो."

"फीचं न्हाई, सर. दोगी घरी हायत्या. आबाला छावनी सोडता येत न्हाई."

"मी त्या दिवशी कचेरीतून उठायला नको होतं."

ती हातोडी मारत राहिली. मारता मारताच म्हणाली, "मला तर ठावं हुतं, सर. दिस सुदिक ठावा हुता. तरी मी आईला खाली उतरू दिलं."

ऊन वाढलं होतं. मुकादम हजेरीची वही घेऊन आला आणि मला उठावं लागलं.

तिने परीक्षा दिली नव्हती, तरी जूनमध्ये दहावीच्या हजेरीपटावर मी तिचं नाव लिहिलं. तीन आठवडे गैरहजेरी मांडली. मग मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ती आता येत नाही. काट मारा."

मी काट मारली.