विहिरीचा श्वास

"या बसायच्या गाद्या आहेत की कागद?" शिगेयोसान माझ्या कानाशी कुरकुरल्या.

आळीच्या सभागृहात बांधकाम कंपनीचा माणूस समोरच्या रिकाम्या जागेवर होणाऱ्या इमारतीचं चित्र दाखवत होता. सगळे सावली, गाड्या आणि कचरा टाकायचे वार यांवरून हुज्जत घालत होते. मग त्याने विचारलं, "कोपऱ्यात जमिनीतून बांबूची नळी वर आलीय. उपटली तर चालेल ना?"

सगळ्यांनी मागे बसलेल्या म्हाताऱ्या किनुयोसानकडे वळून पाहिलं.

आमच्याकडे विहीर बुजवली की तिला श्वास घ्यायला अशी नळी ठेवतात. बांबू कुजला की विहीरही निवली असं धरतात. ही नळी मात्र कुजतच नाही, कारण दर वसंतात किनुयोसान तिथे नवी बसवतात. कधी वारा नसतानाही ती शीळ घालते. मग किनुयोसान तिला कान लावून बसतात आणि आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतो.

"तेवढी नळी राहू द्या हो," किनुयोसान म्हणाल्या.

"आजी, तिथे पाया येतोय. काँक्रीट ओतणार."

शिगेयोसाननी गादी बाजूला सारली.

"किनुयोसान, नळी नको, विहीरच उकरायला लावा. तुमची लहानगी लेक मिओ हरवली, तेव्हा अख्खी आळी नदी धुंडाळत होती. दुसऱ्याच दिवशी माझ्या नवऱ्याने ती विहीर बुजवली. आत कुणीच डोकावून बघितलं नव्हतं."