पोतीची शेवटची गाठ

एसटी खरांगण्याच्या थांब्यावर उभी राहिली तशी आनंदाबाईने पटकन सुईत तीन काळे मणी घेतले. गाडी चालू असताना ओवायला गेलं की सुई बोटातच जायची, म्हणून थांबा आला की ती हात चालवी. मांडीवर डब्याचं झाकण, झाकणात ओलं फडकं, फडक्यावर मणी. ओल्या फडक्यावरून ते घरंगळत नसत.

तिच्या गावातल्या, पिपरी मेघेतल्या, निम्म्या सुनांच्या मंगळसूत्राच्या पोती तिनेच ओवलेल्या. पण तिचे मालक नत्थूजी गेले आणि चार वर्षांत तिच्याकडे ओवायला एकही पोत आली नाही. कानातले, मोत्यांचे हार तेवढे येत. कोणी काही बोललं नाही, तिनेही विचारलं नाही. आणि मागच्या आठवड्यात भावाच्या सुरभीने, जिचं उद्या आर्वीला लग्न, काळ्या मण्यांची डबी सरळ तिच्या हातात ठेवली. "आत्या, तूच ओवजो," म्हणाली आणि निघूनही गेली.

पोरीला रीत माहीत नाही, की माहीत असून दिली? आईला विचारून दिली, की चोरून? आनंदाबाईचं डोकं चालेना. घरी ओवावी तर सून बघणार, लग्नघरी तर पन्नास बाया. राहता राहिली एसटी, तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. ओवायला हात शिवशिवत होते, आणि आपला हात लागून पोरीच्या संसाराचं काही वाईट झालं तर, ही भीतीही होती.

मग तिने मधला मार्ग काढला. मणी आपण ओवायचे, शेवटची गाठ मात्र सवाष्णीने मारायची. तशी एक शेजारी आयतीच बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. नाव भागीरथाबाई, निघाली पुढे कारंज्याला लेकीकडे, हे सगळं तिने न विचारताच सांगून टाकलं होतं.

आर्वी जवळ आली तेव्हा पोत पुरी झाली. आनंदाबाईने दोन्ही टोकं शेजारणीपुढे धरली.

"बाई, भावाच्या पोरीची पोत हाय, एवढी गाठ मारून द्या. माह्या हातानं चालत नाई."

भागीरथाबाईने पोतीकडे पाहिलं, मग तिच्या मोकळ्या कपाळाकडे. हात मात्र पुढे केला नाही.

"मले नका सांगू बाई," ती हळूच म्हणाली. "माहे मालक जाऊन अकरा वर्स झाले. हे सारं गाडीपुरतं. एकटी बाई दिसली का लोकं लय विचारपूस करतात. लेकीचं घर आलं का काढून ठेवतो."

आनंदाबाईने तिच्या कुंकवाकडे पुन्हा पाहिलं. मग तिने गाडीभर नजर फिरवली. पुढच्या बाकावर दोघी होत्या, दाराशी एक. तिघींच्याही कपाळाला टिकल्या होत्या. त्यातली कोणाची खरी नि कोणाची गाडीपुरती, तिला काहीच सांगता येईना.

"मंग आता?" तिने विचारलं.

"पोरीनं कोणाले सांगतलं होतं?"

"मले."

कंडक्टर आर्वी, आर्वी करत मागे आला. आनंदाबाईने टोकं पुन्हा आपल्याकडे घेतली. गाडी हिसके देत होती, म्हणून भागीरथाबाईने पोत खालून धरली. पहिली गाठ बसली. तिच्यावर आनंदाबाईने दुसरी मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला.