बाबांच्या खोलीतलं मृग

बाबांच्या खोलीचं छत मी माझ्या हातांनी केलं, आणि तेव्हापासून घरात कुणाला चैन नाही.

माझा धंदाच तो. लोकांच्या खोल्यांना खोटं छत बसवायचं, त्यात केसाएवढ्या काचतारा ओवायच्या, कळ दाबली की तारे. बाबा चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणूवर होते. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि माणूस खाटेला खिळला. खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत आणि कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. म्हटलं, यांना आकाश घरपोच देऊ. भारी शहाणी मी!

पहिल्या दुपारी पडदे ओढून कळ दाबली, तर बाबा ओरडले. डावा हात माश्या हाकलल्यासारखा हवेत इकडून तिकडे उडवायला लागले. मला वाटलं, हरखले असतील. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पाण्याचं भांडं भिरकावलं. आईची झोप उडाली आणि माझं डोकं ठिकाणावर राहिना.

मला आकाशातलं कळतं ते बाबांनी लहानपणी गच्चीवर शिकवलं तेवढंच. सप्तर्षींच्या चौकोनातले कडेचे दोन तारे जोडायचे आणि रेघ पुढे न्यायची, की ध्रुव. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे जोडायचे. रेघ खाली नेली की व्याध, वर नेली की तांबूस रोहिणी. सातव्या दिवशी मी शिडीवर चढून दोरा लावून सगळं तपासलं. ध्रुव जागच्या जागी, व्याध जागच्या जागी. म्हणजे छतात खोट नव्हती. मग खोट कुठे, ते घरातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

दादानं ते बोलून दाखवलं. "डोक्यावर परिणाम झालाय गं. आई अशानं आधी जाईल." त्यानं एका संस्थेचा फॉर्म आणला. भ्रम झालेल्या माणसांना ठेवतात तिथे, दाराला बाहेरून कुलूप. अकराव्या दिवशी पाच वाजता तो आईची सही घ्यायला येणार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

पावणेपाचच्या सुमाराला आई बाबांची दाढी करत होती. उद्या नव्या ठिकाणी जायचं, तर नीट दिसावेत म्हणून. उशांना टेकवून बसवलं होतं, आणि शेवटचं बघू दे म्हणून मीच तारे लावले, तसं त्यांचं ओरडणं आणि हात उडवणं सुरू झालं. अर्ध्या गालाला फेस असताना बाबांनी तिच्या हातातला आरसा हिसकला, मांडीवर तिरका धरला आणि त्यात बघत राहिले.

ओरडणं थांबलं. हात थांबला.

"अहो, द्या तो इकडे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, रडवेल्या आवाजात, "बघ, आता लहान मुलासारखे आरशाशी खेळायला लागले."

मी त्यांच्या खांद्यापाशी डोकं नेऊन आरशात पाहिलं. छत दिसत होतं. मृग दिसत होतं. आणि व्याध बाणाच्या खाली डावीकडे होता, गच्चीवर असायचा तसाच. मान वर केली. छतावर तो उजवीकडे होता.

घोळ कुठे झाला ते लक्षात आलं. तारा मागून ओवायच्या, म्हणून आम्ही नकाशा फळीच्या पाठीवर चिकटवतो आणि पाठीकडूनच भोकं पाडतो; पुढच्या रंगाला गोंद लागत नाही. मग फळी उलटून वर चढवायची. रेघा सगळ्या जुळतात, फक्त डावं ते उजवं होतं. आजवर चौदा घरांत मी चौदा आकाशं उलटी बसवली आणि कुणी ब्र काढला नाही. पंधराव्या घरात एका माणसानं पहिल्याच मिनिटाला ओळखलं. अकरा दिवस तो हात डावीउजवीकडे करून सांगत होता, आणि आम्ही त्याला वेड्यात काढलं. चूक माझी, आणि कुलूप त्यांना लागणार होतं!

"बाबा," मी म्हटलं, "उलटं लावलं ना मी?"

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. एकदाच. इतका थकलेला होकार मी कधी पाहिला नव्हता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दादा आला तो फॉर्म हातात घेऊनच. मी एका दमात सगळं सांगितलं, छताकडे बोट, आरशाकडे बोट. त्याला काही ते पटलं नाही. तो खाटेवर वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "बाबा, मी कोण? ओळखलंत का?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग आरसा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

आई फसकन हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. दादा हसला नाही. तो खाटेच्या कडेवर बसला आणि आरशात बराच वेळ स्वतःचं तोंड बघत राहिला.

"सही कुठे करायची रे?" आईनं विचारलं. हातातला वस्तरा तिनं अजून खाली ठेवला नव्हता. "नाहीतर असं कर, त्यांच्यापुढेच धर कागद. जायचं असेल तर ते करतील डाव्या हातानं."

दादानं कागद पुढे धरला नाही.